कार्ड परत करण्याआधी

बदनापूर

चि. छकुलीस,

सर्व्हरमधलं दुसरं ग्राफिक्स कार्ड यादीत दिसतं, पण ड्रायव्हर लागत नाही, म्हणून ते दुकानदाराला परत करायचं ठरलंय, असं ताईकडून कळलं. जरा थांब. कार्ड यादीत आलं म्हणजे वाटेतल्या ब्रिजना बस नंबर मिळालेत आणि कर्नल कार्डापर्यंत पोचलाय. अडलं असेल ते बहुधा पत्त्यांच्या जागेवर.

आपल्याकडच्या वाटणीसारखं समज. बापाच्या सातबाऱ्यावर जेवढं रान, पोरांचे हिस्से त्याच्या आतच पडणार. ब्रिजची खिडकी म्हणजे ते रान. त्याबाहेरचा पत्ता ब्रिज खाली सोडतच नाही, मग कार्ड कितीही चांगलं असो. खिडक्या तीन: आय-ओ, साधी मेमरी आणि प्रीफेचेबल मेमरी. साधी खिडकी ४ जीबीच्या खालीच असते. ६४ बिटांची मुभा फक्त प्रीफेचेबलला. कर्नल कार्डाच्या प्रत्येक बारमध्ये, म्हणजे पत्त्याच्या रजिस्टरमध्ये, सगळे बिट एक करून लिहितो, परत वाचतो आणि कार्डाला किती जागा हवी ते ओळखतो. २५६ एमबी मागणारा बार २५६ एमबीच्या पटीवरच सुरू व्हायला हवा. म्हणून एकूण जागा शिल्लक असूनही हिस्सा बसत नाही, असं होतं. माझ्या मते नव्या मुलांचा घोटाळा इथेच होतो: ती बेरीज करतात, मांडणी बघत नाहीत.

तेव्हा आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, वाच. 'नो स्पेस' दिसलं की ओळ कोणत्या खिडकीची आहे ते बघ. आय-ओची असेल तर लगेच घाबरू नकोस. एक्स-८६ वर आय-ओचे पत्ते सगळे मिळून ६४ केबी आणि ब्रिजची आय-ओ खिडकी किमान ४ केबीची. सोळा खिडक्यांत सगळं संपतं. आजच्या बहुतेक कार्डांना त्यावाचून काही अडत नाही. ओळ मेमरीची असेल तर मात्र कार्डापासून वर चढत जा. एलएसपीसीआयने प्रत्येक ब्रिजची खिडकी बघ, मग प्रॉकमधली आयोमेम फाइल. ती रूट होऊन वाच, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतील आणि रात्र वाया जाईल.

लिनक्स सहसा फर्मवेअरने घातलेली मांडणी मोडत नाही. म्हणून बायोसमध्ये 'अबोव्ह फोर-जी डिकोडिंग' चालू आहे का ते आधी तपास. मित्र लगेच कर्नलला 'पीसीआय रीअलॉक' हा पर्याय लाव म्हणतील. तो उपाय खोटा नाही, पण त्याने कर्नल खिडक्या नव्याने मांडायला घेतो आणि मूळ कारण झाकलं जातं. मला तो पहिल्या पायरीला आवडत नाही.

हे शिकून काय करू, असं विचारशील. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्यांचे संकेत जुळवायचं काम आधी खास बनवलेल्या हार्डवेअरवर चाले. पुढे ते एडीसी कार्डं लावलेल्या साध्या सर्व्हरांच्या लिनक्स क्लस्टरवर आणलं, आणि अद्ययावतीकरणात एफपीजीए व ग्राफिक्स कार्डं आली. अशा ठिकाणी काम करायचं तर कार्डामागची ही वाट माहीत हवीच.

डीमेसेज आणि एलएसपीसीआयचं पूर्ण आउटपुट मजकूर म्हणून पाठव. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमकी हवी ती ओळ कापलेली असते.

तुझा,
मामा