चालत्या प्रोसेसची देखरेख

शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं लक्षावधि मुलें व पालक एकाच घटकेस निकाल मागूं लागतात. मागेल त्यास तो देणारा, दूर कोठें तरी अखंड चालणारा संगणक म्हणजे सर्व्हर. आणि त्यावर प्रत्यक्ष चालत असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. पाकपुस्तकांतील पुरणपोळीची कृति निराळी व तव्यावरची पोळी निराळी, तसाच हा भेद होय. नजर ठेवावी लागते ती तव्यावरच्या पोळीवर.

लिनक्स प्रणालींत प्रत्येक प्रोसेसला हजेरीपटाप्रमाणें एक क्रमांक मिळतो. ‘पीएस’ ही आज्ञा दिली असतां त्या क्षणाची हजेरी दिसते. ‘टॉप’ दिली असतां तीच यादी दर कांहीं सेकंदांनीं नवी होऊन, कोणती प्रोसेस किती स्मृति व्यापते हेंहि कळतें. वरच्या बाजूस गेल्या १, ५ व १५ मिनिटांच्या भाराच्या सरासऱ्या असतात. पहिली तिसरीहून मोठी असल्यास भार वाढत आहे असें समजावें.

परंतु हजर असणें व काम करणें एक नव्हे, हें वर्गांतील मागच्या बांकाकडे पाहणाऱ्या शिक्षकास सांगावयास नको! दोन प्रोसेस परस्परांच्या हातांतील वस्तूची वाट पाहत अडून बसल्या, तरी हजेरींत दोन्ही ‘निद्रिस्त’ दिसतात. आणि काम नसल्यामुळें स्वस्थ असलेली निरोगी प्रोसेसहि तशीच दिसते. म्हणून तिला प्रश्नच विचारावा लागतो. २०१४ सालीं गूगलनें प्रसिद्ध केलेल्या कुबरनेटीज ह्या व्यवस्थेंत अशी तपासणी सांगितल्यास, निराळें कांहीं न ठरविल्यास, दर १० सेकंदांनीं प्रश्न जातो, उत्तरास १ सेकंद मिळतो, आणि लागोपाठ ३ वेळां उत्तर चुकल्यास प्रोग्राम नव्यानें सुरू केला जातो.

येथेंच खरा धोका आहे. निकालाच्या गर्दींत सर्व्हर मेलेला नसतो, केवळ दमलेला असतो. त्यास मृत समजून बंद केलें, तर त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, तेहि उत्तरास चुकतात, आणि एकामागून एक सारे कोसळतात. ह्यास्तव दोन प्रश्न वेगळे ठेवावे: ‘जिवंत आहेस काय?’ आणि ‘नवें काम घेशील काय?’ दुसऱ्यास नकार आल्यास नवें काम तेवढें थांबवावें. प्रोसेस मारूं नये. पहिल्या प्रश्नाची मुदतहि, माझ्या मतें, सढळ हातानें द्यावी.

प्रोसेस बंद करणें अटळच झालें, तर प्रथम १५ क्रमांकाचा संकेत जातो: हातचें काम आवरून नीघ. साधारणतः ३० सेकंदांत ती न निघाल्यास ९ क्रमांकाचा जातो, आणि तो नाकारण्याची सोय कोणत्याहि प्रोसेसला नाहीं.