पानगळ केव्हा व का होते?

चंदीगडच्या वायव्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी मुल्लानपूर हे गाव आहे. ऑक्टोबर महिन्यात तेथील बहुतेक झाडे हिरवीगार असतात. त्याच सुमारास उत्तरेकडे काश्मीर खोऱ्यात चिनार वृक्षांची पाने पिवळी पडून पुढे तांबडी होऊ लागतात. आणखी दक्षिणेस यावे, तर विदर्भातील सागाच्या वनांत पानगळीला अद्याप अवकाश असतो. देश एक व ऋतूही एक; असे असता झाडांच्या वेळा निरनिराळ्या का, हे समजण्यासाठी प्रथम पानाचा रंग कशामुळे बदलतो ते पाहिले पाहिजे.

पानाचे रंग

पानाला हिरवा रंग येतो तो हरितद्रव्यामुळे. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे काम याच द्रव्यावर अवलंबून असते. पानात पिवळी व नारिंगी रंगद्रव्येही आरंभापासून असतात. परंतु हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात. पान गळण्याची वेळ जवळ आली, म्हणजे झाड पानातील नायट्रोजनासारखी मोलाची द्रव्ये खोडात व फांद्यांत परत ओढून घेते. या क्रियेत हरितद्रव्य मोडते आणि झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो.

तांबड्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो व अनेक झाडांत पान म्हातारे होत असताना नव्यानेच तयार होतो. स्वच्छ ऊन व थंड, परंतु न गोठविणाऱ्या रात्री त्याला अनुकूल असतात. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक दुर्बळ थर बनतो, तेथून पान सुटते आणि उघडी पडलेली जागा बुचासारख्या थराने बंद होते. तेव्हा पान वाऱ्याने तुटते असे दिसले, तरी त्याची सिद्धता झाडाने आधीच केलेली असते.

थंडीचे प्रदेश आणि पावसाचे प्रदेश

समशीतोष्ण प्रदेशांतील झाडांना पानगळीची सूचना मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसाकडून व उतरत्या तापमानाकडून मिळते. म्हणून तेथे रंगांची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली सरकते. जपानमध्ये होक्काइडो बेटाच्या उंच डोंगरांवर ती सप्टेंबरमध्ये दिसते, तर क्योतो शहरी नोव्हेंबरच्या अखेरीस पोहोचते. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात हीच शोभा एप्रिल-मे महिन्यांत पाहावयास मिळते.

महाराष्ट्रात दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. येथे झाडांची खरी अडचण पाण्याची आहे. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढे जमिनीतील ओल कमी होत जाते. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असल्यामुळे कोरड्या दिवसांत पाने टाकून देणे हा पाणी वाचविण्याचा उपाय होय. म्हणूनच कोरड्या जागेतील साग नोव्हेंबर ते जानेवारीत पाने गाळतो, तर ओलसर जागेतील सागाची पाने मार्चपर्यंतही टिकतात. मराठीत पानगळ शरदाशी न जोडता शिशिराशी जोडली जाते, ती याच अनुभवावरून.

मुल्लानपूरचे स्थान

मुल्लानपूर या दोन प्रकारांच्या मध्ये पडते. तेथे सर्वांत मोठा दिवस सुमारे चौदा तासांचा व सर्वांत लहान सुमारे दहा तासांचा असतो. हिवाळ्यातील रात्री चांगल्याच थंड असतात. परंतु पावसाळ्याखेरीज हिवाळ्यातही पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे थोडा पाऊस पडतो. परिणामी एकाच परिसरात पानगळीच्या अनेक वेळा आढळतात. शिसम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघडा पडू लागतो. शेतांच्या कडेने लावलेले पॉपलर हे मूळचे अमेरिकेतील झाड असून तेही हिवाळ्यात निष्पर्ण होते. त्यामुळे खालच्या गव्हाला ऊन मिळते. काटेसावर हिवाळ्यात पाने टाकून उघड्या फांद्यांवर फुलते. पिंपळाची पानगळ मात्र हिवाळा सरता सरता होते आणि लगेच तांबूस कोवळी पालवी फुटते. कुसुंबाची पालवी तर गडद तांबडी असते. आपल्याकडे लाल रंग जुन्या पानांपेक्षा नव्या पानांतच अधिक दिसतो, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

गळलेल्या पानांचे मोल

शिवालिकचे खडक ठिसूळ आहेत. पावसाळ्यात या टेकड्यांतून ‘चो’ नावाचे ओढे एकाएकी भरून येतात व माती वाहून नेतात. हे नुकसान थांबविण्यासाठी १९०० साली पंजाबात स्वतंत्र कायदा करावा लागला होता. जमिनीवर साचलेला पाचोळा पावसाच्या थेंबांचा मार झेलतो, पाणी मुरू देतो आणि कुजून मातीला द्रव्ये परत करतो. तो जाळला, तर धूर होतो, नायट्रोजन हवेत निघून जातो व माती उघडी पडते. म्हणून पाचोळ्याची होळी करण्यापेक्षा त्याचे खत करणे केव्हाही शहाणपणाचे होय.

नोंदींचे महत्त्व

जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून देशभर एकाच पद्धतीने ठेवलेल्या नोंदींवरून, तेथील मेपलला रंग येण्याचा दिवस उत्तरोत्तर लांबत गेल्याचे दिसून आले. हवामान तापत असल्याची साक्ष झाडेही देतात. मात्र ती वाचण्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. शाळेतील विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल. आवारातील एक पिंपळ व एक सावर निवडावी. पहिले पान पिवळे पडण्याचा, झाड निम्मे उघडे होण्याचा व पहिली पालवी फुटण्याचा दिवस वहीत लिहावा. शेवटच्या पावसाची तारीखही सोबत नोंदवावी. ही वही दरवर्षी पुढील वर्गाच्या हाती सोपवावी. दहा वर्षांनी ती त्या गावच्या हवामानाचा विश्वसनीय इतिहास ठरेल.