हजेरीत न आलेली मुलं

अहमदनगर,
२ ऑगस्ट २०२०

चि. रूथ हिस,


ऑनलाइन वर्गांची सगळी जबाबदारी मुख्याध्यापिका बाईंनी तुझ्यावर टाकल्याचं कळलं तेव्हा तुझ्या बाबाला आनंद झाला आणि काळजीही वाटली. तू निभावून नेशील, याची मला खात्री आहे. पण परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, आपली शाळा मिशनची आहे हे आता मोबाईलवरून मुलांना कळायचं कसं?" हा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नव्हता, म्हणून आज उपासना ऐकून झाल्यावर लिहायला बसले. देवळं अजून बंदच आहेत. आपले पाळकसुद्धा मोबाईलवरूनच बोलतात.

तुझ्या मनात सकाळची प्रार्थना आहे, गीत आहे, बायबलमधलं वचन आहे. ते सगळं हवंच. पण सातवीच्या पटावर ४८ मुलं आणि झूमवर येतात १९, हे तूच मला सांगितलंस. माझं म्हणणं एवढंच आहे, की तुमची शाळा मिशनची आहे की नाही हे उरलेल्या २९ मुलांवरून ठरणार आहे. नव्याण्णव मेंढरं मागे ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट तू लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आलीस. इथे तर निम्म्याहून जास्त मुलं बाहेर आहेत.

तेव्हा आधी एक वही कर. ग्रुपवर 'वर्गाला का येत नाही?' असा मेसेज टाकू नकोस. त्याला उत्तर येत नाही आणि चारचौघांत विचारल्यासारखं होतं. एकेका घरी फोन लाव आणि कारण लिहून घे. कुठे फोनच नसेल. कुठे असेल, पण वडील तो घेऊन सकाळीच कामावर जात असतील. कुठे थोरला दहावीला आहे म्हणून फोन त्याच्याकडे. कुठे रिचार्ज संपलेला. कुणी लॉकडाऊनमध्ये आजोळी गेलं ते तिथंच राहिलं, आणि तिथे रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं. आणि काही घरांत फी थकली आहे म्हणून आईच म्हणत असेल, नको जाऊस, बाई विचारतील. हे शेवटचं कारण कुणी आपणहून सांगत नाही, ते आवाजावरून ओळखावं लागतं. फी भरली नाही म्हणून मुलांना ग्रुपमधून काढल्याचं एका शाळेबद्दल कानावर आलं आणि जीव तळमळला. तुमच्याकडे असा विचार कुणाच्या मनात आलाच तर तू स्पष्ट बोल. नोकरीत नवीन आहेस म्हणून गप्प राहू नकोस.

कारण कळलं की मार्ग निघतो. फोन संध्याकाळी घरी येत असेल तर त्या चार-पाच मुलांचा वर्ग सातला घे. रेंज नसेल तर व्हिडिओचा हट्ट सोड आणि पाच मिनिटांचा आवाजी मेसेज पाठव. 'पुस्तक उघड, पान चोवीस, दुसरं उदाहरण' असं म्हणून मुलाला पान काढायला वेळ दे, मग पुढे बोल. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ते दीक्षा ॲपवर उघडतात, पण त्यालाही नेट लागतं हे विसरू नकोस. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांना आठवड्यातून दोनदा नुसता फोन कर आणि एक उतारा वाचून दाखवायला सांग. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झालं आहे. फोन नसलेल्या घरातही टीव्ही असतो, तेव्हा त्याचं वेळापत्रक कागदावर लिहून घरोघरी पोचव. आणि पोषण आहाराचा तांदूळ-डाळ न्यायला पालक शाळेत येतातच की! त्या दिवशी प्रत्येकाच्या पिशवीत आठवड्याच्या अभ्यासाचा कागद जायला हवा. झालेला अभ्यास पुढच्या वाटपाला परत आणायला सांग, लाल शाईने तपास आणि खाली दोन शब्द लिही. त्या दोन शब्दांची मुलं फार वाट बघतात.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतील. शेवगाव-पाथर्डीकडची तुझी कितीतरी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील आणि फोनही त्यांच्याबरोबर जाईल. कोण कुठल्या कारखान्यावर जातंय, मुकादम कोण, त्याचा नंबर काय, हे आत्ताच लिहून ठेव. गाड्या निघाल्यावर शोधाशोध करून हाती काही लागत नाही.

१९७२च्या दुष्काळात मी नुकती नोकरीला लागले होते. शाळा उघडी होती, पण वर्ग रिकामे, कारण मुलं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर. आमच्या हेडबाईंनी हजेरीपट पिशवीत घातला आणि आम्हा दोघींना घेऊन संध्याकाळी खडीच्या ढिगाऱ्यापाशी गेल्या. दिवसभराच्या धुळीने मुलांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या, हातात सुकडीची पुडी. बाईंनी नावं पुकारली. मुलं 'हजर' म्हणाली. मग अंधार पडेपर्यंत पाढे झाले. प्रार्थना त्या दिवशी झाली नाही, तेवढा वेळच नव्हता. पण आमची शाळा कशी आहे हे त्या मुलांच्या आयांना त्या संध्याकाळी कळलं, आणि पाऊस पडल्यावर बहुतेक मुली परत वर्गात आल्या.

आता प्रार्थनेचं. शाळेच्या पटांगणात प्रार्थना म्हणणं वेगळं आणि कुणाच्या घरात म्हणणं वेगळं. तुझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं हिंदू आहेत, मुसलमान आहेत. तुझा आवाज आता त्यांच्या स्वयंपाकघरात जातो, देवघरात जातो, आजोबा खाटेवर बसून ऐकतात. तिथे तू पाहुणी आहेस. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं. पण कलम नसतं तरी मी तुला हेच सांगितलं असतं. प्रार्थना पाच मिनिटं आधी ठेव. ज्याला यायचं तो येईल, वर्गाची हजेरी त्यानंतर घे. प्रार्थना लहान असू दे आणि तीत मुलांची नावं असू देत. अमक्याची आजी दवाखान्यात आहे, तमक्याचे वडील पुण्याहून पायी आले, ते प्रार्थनेत आलं की आजोबाही खाटेवरून हात जोडतात. मात्र घरातल्या आजारपणाची गोष्ट आईबापांना विचारल्याशिवाय वर्गात बोलू नकोस. कोरोना झालेल्या घराकडे गाव कसं पाहतं ते तू बघितलं आहेस.

कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नकोस. एका खोलीत सहा माणसं राहतात. मागे आईचं धुणं वाळत असतं, कुणी बाळंतीण असते. पोरीला आपलं घर सगळ्या वर्गाला दाखवायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे. आवाज ऐक, वही तपास, तेवढं पुरे. आणि वेळ ताणू नकोस. जुलैत निघालेल्या शासन निर्णयात तिसरी ते आठवीला रोज ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली आहेत. काही पालक म्हणतील, फी घेता तर सहा तास शिकवा. त्यांना शांतपणे हा निर्णय दाखव. सहा तासिका मोबाईलमध्ये कोंबून मूल शिकत नाही, त्याचे डोळे तेवढे लाल होतात.

शाळेतल्या मोठ्या शिक्षकांशी जपून वाग. त्यांच्यातल्या एक-दोघांनी तुला शिकवलं आहे. ज्यांनी तीस वर्षं खडू धरला त्यांना 'सर, म्यूट काढा' असं विद्यार्थ्यांसमोर ऐकावं लागतं तेव्हा फार लागतं. वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांच्यापाशी बस, त्यांच्याच हाताने दोन-तीनदा करवून घे. जमत नसेल त्यांना फोनवरून वाचन ऐकायचं काम दे. फळा आणि मूल या दोन्ही गोष्टी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतात, त्याचा उपयोग करून घे. आणि कोविडच्या सर्व्हेसाठी ज्यांना दारोदार पाठवलं आहे त्यांचे तास तुम्ही वाटून घ्या. ते दिवसभर धोक्यात असतात.

आपल्या नगरला मिस सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई शिकवण्याचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा त्याच सावित्रीबाईंनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि त्याच प्लेगने त्या गेल्या. तू असा जीव धोक्यात घालावास असं मी मुळीच म्हणत नाही. मास्क लाव, अंतर ठेव, घरोघर जाशील तेव्हा उंबऱ्याबाहेरून बोल. पण साथीच्या दिवसांत शिक्षकाचं काम कुठवर जातं, हे आपल्याच गावात शिकून गेलेल्या बाईने दाखवलं आहे.

स्वतःलाही सांभाळ. रात्री साडेअकराला पालकांचे मेसेज येतात आणि तू उत्तरं देत बसतेस, असं तुझी आई सांगत होती. रात्री आठनंतर उत्तर मिळणार नाही असं ग्रुपवर नम्रपणे लिहून टाक आणि ते पाळ. रविवारी तर फोन उचलूच नकोस. प्रभूने विसावा सांगितला आहे, तो शिक्षकांनाही आहे. घशाला गरम पाणी घे, सतत हेडफोन लावून बोलू नकोस.

आणि त्या २९ मुलांची यादी झाली की त्यातली दहा नावं मला पाठव, घरच्यांना विचारून नंबरही दे. मी दुपारी दोन ते चार मोकळी असते. मराठीचं वाचन आणि पाढे मी ऐकून घेईन, दर शनिवारी तुला कळवीन. शक्यतो ज्यांच्याकडे साधा फोन आहे ती मुलं दे, मला त्यावर बोलायला सोपं जातं.

तुझी,
आत्या