वाचनालयात ई-पुस्तक का मिळत नाही?

प्रश्न : इगतपुरीचा पावसाळा तुम्हाला ठाऊक असेलच. वाचनालयातली पुस्तकं ओल धरतात, पानं फुगतात, बुरशीचा वास येतो. ई-पुस्तकाला ना ओल ना वाळवी, छपाईचाही खर्च नाही. मग वर्गणीदारांना ती का मिळू नयेत? ग्रंथपालांना विचारलं, तर म्हणाले, ‘द्यायला हरकत नाही हो, पण घ्यायची कशी?’
— एक वर्गणीदार, इगतपुरी

उत्तर : ग्रंथपालांनी नेमकं दुखणं सांगितलं आहे. कागदी पुस्तक बिलानं येतं, दाखल पुस्तकात त्याची नोंद होते, शिक्का बसतो, मागे तारखांचा कागद डकवला जातो आणि तिथे प्रकाशकाचा संबंध संपतो. पुढे ते पन्नास जणांना द्या, नाहीतर पंधरा वर्षं द्या. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात एकदा विकल्या गेलेल्या प्रतीच्या पुढच्या प्रवासावर प्रकाशकाचा हक्क उरत नाही.

ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी प्रत आपली होत नाही. मिळतो तो वाचायचा परवाना, तोही खातेदारापुरता. किंडलच्या अटींत हे स्पष्ट लिहिलेलं आहे (त्या कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी). ग्रंथपालांनी स्वतःच्या खात्यावर कादंबरी घेऊन वर्गणीदारांत फिरवली, तर ते अटींबाहेर जातं. 2009 साली तर हक्कांचा घोळ निघाला म्हणून अमेझॉननं ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पण पुस्तक गेलंच.

अमेरिकेतल्या वाचनालयांना ई-पुस्तकं मिळतात, पण प्रकाशक म्हणेल त्या भावानं आणि बहुधा ठरावीक मुदतीसाठी. हार्परकॉलिन्सनं 2011 मध्ये नियम काढला की 26 वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. 2019 मध्ये मॅकमिलननं नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका वाचनालय-व्यवस्थेला एकच ई-प्रत देऊ केली. शहर केवढंही असो, प्रत एकच! वाचनालयांनी बहिष्कार घातला आणि मार्च 2020 मध्ये ती अट मागे गेली. वाचनालयांना वाजवी अटींवर ई-पुस्तकं द्यावीत, असा मेरीलँड राज्यानं 2021 मध्ये केलेला कायदा मात्र पुढच्याच वर्षी कोर्टात टिकला नाही. छापील पुस्तकं स्कॅन करून एका वेळी एकालाच वाचायला देणारं इंटरनेट अर्काइव्हही चार बड्या प्रकाशकांविरुद्ध हरलं. सप्टेंबर 2024 मध्ये अपिलातही तोच निकाल लागला. युरोपच्या न्यायालयानं 2016 मध्ये डच वाचनालयांच्या खटल्यात थोडी वाट मोकळी केली : एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला, या पद्धतीनं ई-पुस्तक देणं हे उसनं देण्यातच मोडू शकतं.

आपल्याकडे भांडण अजून तिथवर पोचलेलंच नाही. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकं आहेत, किंडलवर 2016 च्या डिसेंबरपासून मराठी आहे. पण हा व्यवहार मुख्यतः एकेकट्या वाचकाशी. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत विभागलेली आणि अनुदानाची वाट पाहणारी वाचनालयं एकेकटी प्रकाशकाशी बोलणी करतील, ही अपेक्षा फोल आहे. प्रकाशकाची भीतीही खोटी नाही. हजाराची आवृत्ती खपायला वर्षं लागतात आणि तिचं पीडीएफ व्हॉट्सअॅपवर एका दुपारी गावभर होतं. शिवाय मराठी प्रकाशकाचं भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे वाचनालयच. एका ई-प्रतीवर सगळा जिल्हा वाचू लागला, तर त्यानं खायचं काय? म्हणून माझ्या मते परवाने राज्याच्या ग्रंथालय संचालनालयानं एकत्र, रोख पैसे मोजून घ्यावेत आणि एका प्रतीला एका वेळी एकच वाचक ठेवावा. फुकट मागणं हा प्रकाशकावर अन्याय होईल.

तुमच्या ओल्या पुस्तकांसाठी एक सोय आजही आहे. 2012 च्या दुरुस्तीनुसार, छापील प्रत स्वतःकडे असेल तर बिगरव्यापारी सार्वजनिक वाचनालय जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवू शकतं. बुरशी चढायच्या आत स्कॅन करून घ्या. मात्र ती सवलत जतनापुरती आहे, ते स्कॅन वर्गणीदारांच्या मोबाइलवर पाठवायला नाही. मुदत संपलेल्या पुस्तकांना ही अडचण नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे 1950 मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं साहित्य 2011 पासून मोकळं आहे. पुलंसाठी 2060 साल सरेपर्यंत थांबावं लागेल. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत.

आणि तुमच्या गावातच पाहा. धम्मगिरीवरच्या विपश्यना विशोधन विन्यासानं बौद्धांचं अख्खं पाली तिपिटक देवनागरीत छापलं, आधी सीडीवर आणि मग इंटरनेटवर फुकट ठेवलं. हक्क हातात होते आणि द्यायची इच्छा होती, म्हणून दोन हजार वर्षांहून जुना ग्रंथसंभार इगतपुरीहून जगभर गेला. गेल्या वर्षीची मराठी कादंबरी मात्र तुमच्या वाचनालयाच्या टेबलापर्यंत फक्त कागदावरच येते.