राखणीचे पैसे आधी ठरवा
(गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी पाठ)



आषाढीला शेगावची पालखी पातूरवरून पंढरपूरकडे जाते. आपल्या गावांतूनही घरोघरची माणसं वारीला निघतात. एरवीही कोणी माहूरला जातं, कोणी लग्नाला, कोणी दवाखान्यासाठी चार दिवस अकोल्याला राहतं. घराला कुलूप लावता येतं, पण बकऱ्या, कोंबड्या, दारचं कुत्रं यांना दोन वेळा पाहायला माणूस लागतंच. मोठी बाई त्या दिवसांत निंदणाला गेलेली असते. मग शेजारच्या अकरावीतल्या पोरीला सांगितलं जातं, "बाई, एवढं पाहून घेजो."

आपण परत येतो. बकऱ्या धड असतात. पोरीच्या हातात प्रसाद, बांगड्या आणि पन्नासाची नोट पडते. कोणी म्हणतं, "पोरीले कायचे पैसे? घरचीच त आहे." पोरगीही लाजून नाही म्हणते. काम झालं, पण त्याची मजुरी कोणी ठरवलीच नाही.

हा पाठ त्या मजुरीबद्दल आहे.

आधी वय पाहा

बालकामगारांबद्दलचा कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत त्यानं स्वतःच्या घरच्या कामात हात लावला तर चालतं, पण तेही काम धोक्याचं नको. म्हणून शेजारच्या १२ वर्षांच्या पोराला पैसे देऊन राखणीला ठेवू नका. त्याच्या घरच्या मोठ्या माणसाशी बोला.

१४ ते १८ वयाच्या मुलामुलींना धोक्याचं काम देता येत नाही. दुकानात किंवा इतर आस्थापनेत काम करणाऱ्या किशोरांना कायदा संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देऊ देत नाही. आपला गोठा म्हणजे दुकान नव्हे, पण हे माप आपणही पाळावं. सकाळी ८ नंतर एक तास, शाळेतून आल्यावर एक तास, आणि ७ च्या आत पोरगी तिच्या घरी. रात्रीची राखण मोठ्या माणसाकडेच द्या. कडबाकुट्टीचं यंत्र, मारका बैल, विहिरीवरून पाणी ओढणं, फवारणीच्या औषधाची खोली, रानात एकटीनं चराई ही कामं तिला सांगायची नाहीत.

दर कसा काढायचा?

आपल्याकडे निंदणाचा, वेचणीचा रोज सगळ्यांना ठाऊक असतो. तो रोज कामाच्या तासांनी भागा. आला तो एका तासाचा दर.

समजा तुमच्या गावात बाईचा रोज ३०० रुपये आहे आणि काम ६ तासांचं आहे. तासाचे ५० रुपये झाले. दुसरं माप सरकारी आहे. रोजगार हमीचा रोज महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला. तो ८ तासांनी भागला तर तासाचे ३९ रुपये होतात. गावचा दर माहीत नसेल, तर निदान याच्या खाली जाऊ नका.

आता एक हिशेब मांडू. घरी ६ बकऱ्या, ८ कोंबड्या आणि एक कुत्रं आहे. तुम्ही ८ दिवस वारीला जाणार.

• सकाळी १ तास: लेंड्या झाडणं, पाणी भरणं, चारा-कुटार टाकणं, खुराडं उघडणं, कुत्र्याला भाकर.
• संध्याकाळी १ तास: पुन्हा चारा-पाणी, बकऱ्या मोजून आत बांधणं, कोंबड्या कोंडणं.
• निघायच्या आदल्या दिवशी १ तास: सगळं दाखवून, शिकवून देणं. तिचा तो वेळही कामाचाच.

८ दिवसांचे १६ तास आणि शिकवणीचा १, असे १७ तास. ३९ च्या दरानं ६६३ रुपये, ५० च्या दरानं ८५० रुपये. आपण दिलेली पन्नासाची नोट या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

"पण ती तर लहान आहे"

बैठकीत हा मुद्दा निघेलच. मोठ्या बाईला जेवढे द्यायचे तेवढे पोरीला का? कारण काम तेवढंच आहे. पोरीनं पाणी भरलं म्हणून बकरी अर्धी बादली पीत नाही.

आपल्याबाबतही हेच झालं होतं. बाईचं काम हलकं, म्हणून तिचा रोज कमी, असं शेतात वर्षानुवर्षं चालत आलं. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, त्या कामांवर बाई आणि माणूस दोघांना एकच दर. समान कामाला समान मजुरीचा देशाचा कायदा १९७६ मध्ये झाला. मोल कामाचं करायचं, करणाऱ्याचं नाही, हे आपण आपल्यासाठी मागितलं. पोरीच्या वेळी ते विसरून कसं चालेल?

आणखी एक गोष्ट तपासा. शेजारच्या पोरानं हेच काम केलं तर त्याला पैसे आणि पोरीनं केलं तर "मदत", असं होतं का? होत असेल तर ते गटातच थांबवावं लागेल.

एवढे पैसे झेपत नसतील, तर दर पाडू नका, काम कमी करा. कोंबड्या जावेकडे ठेवा, दोन बकऱ्या भावाकडे बांधा. सकाळची वेळ घरातल्या कोणाकडे असेल तर पोरीला फक्त संध्याकाळची सांगा.

या चार गोष्टी टाळा

१. मायच्या उधारीत वळती करू नका. "तुह्या मायनं माह्याकडून कुटार नेलं होतं" असं म्हणून पोरीचे पैसे कापायचे नाहीत. उधारी मायची, मेहनत पोरीची.

२. वस्तूवर भागवू नका. त्या दिवसांतलं दूध, अंडी तिनं नेली तर छानच, पण ते वरचं. मजुरी रोख द्या.

३. नुकसान तिच्या माथी मारू नका. बकरी आजारी पडू शकते, कोंबडी मांजर नेऊ शकतं. सांगितलेलं काम तिनं केलं असेल तर नुकसान मालकाचं. पावसाळ्यात ओला कोवळा चारा किंवा जास्त धान्य खाल्लं की बकरीचं पोट फुगतं. म्हणून किती चारा टाकायचा ते मापानं दाखवा, धान्य-ढेप कुलपात ठेवा. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा टोल फ्री नंबर आणि जवळच्या एका मोठ्या माणसाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जायचं, हे तिला आणि तिच्या मायला आधीच सांगा. ओळख नसलेलं, चावरं कुत्रं असेल तर ते काम तिला देऊच नका.

४. पैसे परस्पर बापाच्या हाती देऊ नका. बोली करताना मायबाप समोर असावेत, पोरगीही समोर असावी, आणि पैसे तिच्या हातात पडावेत. १० वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या नियमात राहून स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडता आणि चालवता येतं. पहिली कमाई तिथे जमा झाली तर बचत म्हणजे काय हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

चिठ्ठी लिहा

सालदाराची बोली साल सुरू व्हायच्या आधी होते. राखणीचीही तशीच व्हावी. वहीच्या एका पानावर एवढं लिहा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोजचं काम काय, किती तास, तासाचा दर, एकूण रक्कम, पैसे कोणत्या दिवशी. एक चिठ्ठी तुमच्याकडे, एक तिच्याकडे. तुम्हाला यायला दोन दिवस उशीर झाला तर त्याच दरानं दोन दिवस वाढवा. तिची परीक्षा असेल तर त्या दिवसांत तिला सांगूच नका. हिशेब लिहिणं हे आपल्या पंचसूत्रीतलंच काम आहे, ते फक्त गटाच्या वहीपुरतं नाही.

बैठकीत बोलूया

• आपल्या गावात आज बाईचा रोज किती आणि तास किती? तासाचा दर काढून फळ्यावर लिहा.
• मागच्या वर्षी कोणाकोणाच्या गोठ्यात शेजारच्या पोरीनं राखण केली? तिला काय मिळालं? आजच्या दरानं किती व्हायला हवं होतं?
• आपल्या गटातल्या सगळ्यांनी पाळायचा राखणीचा एक दर ठरवता येईल का? ठरला तर इतिवृत्तात ठराव लिहा, सह्या घ्या.

ठराव झाला की गटातल्या पोरींनाही बोलवून तो वाचून दाखवा. पुढच्या वेळी कोणी "एवढं पाहून घेजो" म्हटलं, तर "किती दिवस आणि किती तास?" हे विचारायला त्यांना लाज वाटू नये.