मतदारयादीतील आपले नाव : मंडळ्यांकरिता एक पाठ



गेल्या एका निवडणुकीच्या दिवशी आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा गावी होतो. मंडळीतील एक वृद्ध विधवा बहीण सकाळीच मतदानाच्या शाळेकडे गेली. मतदार ओळखपत्र तिने पदराच्या गाठीत जपून बांधले होते. थोड्या वेळाने ती तशीच परत आली. बोटाला शाई नव्हती. यादीत तिचे नाव नाही, असे तिला सांगण्यात आले होते. आदल्या हंगामात ती कापूस वेचणीकरिता मुलीच्या गावी तीन महिने राहिली होती. मधल्या काळात ‘स्थलांतरित’ म्हणून तिचे नाव वगळले गेले, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती आम्हांस म्हणाली, “कार्ड हाये, मी बी जिती हावो नं जी! मंग नाव कसं गेलं?”

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि असते तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण त्या वेळी काही करता येण्यासारखे उरले नव्हते. म्हणून हा पाठ आम्ही निवडणूक नसताना देत आहो. मत हे मतदानाच्या दिवशी गमावले जात नाही. ते कित्येक महिने आधी, यादी न पाहिल्यामुळे गमावले जाते. एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात धरली तरी आमचे श्रम सफळ झाले असे आम्ही समजू.

१. मताचा हक्क कोणास आहे?

१९३५ च्या कायद्याखाली, आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांतात असताना, मत देण्याचा हक्क जमीनमहसूल, कर, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. शेतमजुरास व निरक्षर स्त्रीस बहुधा तो नव्हताच. १९५० साली राज्यघटना अमलात आली व ह्या अटी गेल्या. घटनेचे ३२६ वे कलम प्रत्येक प्रौढ नागरिकास मत देते. त्या वेळी वयाची अट २१ वर्षांची होती. १९८९ पासून ती १८ वर्षांची झाली. ३२५ वे कलम सांगते की, धर्म, वंश, जात किंवा स्त्रीपुरुषभेद ह्या कारणांनी कोणासही यादीबाहेर ठेवता येणार नाही, आणि सर्वांची यादी एकच असेल.

ही एक यादी आपोआप आली नाही. ख्रिस्ती लोकांकरिता निराळा मतदारसंघ असावा की नसावा, ह्याची चर्चा घटना समितीत झाली. त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि त्यांनी निराळेपणा नाकारण्याचीच बाजू घेतली. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांकरिता राखीव जागा न ठेवण्याचे ठरले. म्हणून आज आपण शेजाऱ्यांबरोबर एकाच रांगेत उभे राहतो. ज्याचे नाव यादीत नाही तो त्या रांगेतून आपल्या हाताने बाहेर पडतो.

जो भारताचा नागरिक नाही, ज्याला सक्षम न्यायालयाने विकल मनाचा ठरविले आहे, अथवा निवडणुकीतील भ्रष्ट आचरणामुळे जो कायद्याने अपात्र झाला आहे, त्याचे नाव नोंदले जात नाही. तुरुंगात असलेल्या मनुष्यास, नाव यादीत असले तरी, मत देता येत नाही.

२. कार्ड म्हणजे यादी नव्हे

कोणी म्हणेल, “आमच्यापाशी कार्ड आहे; मग चिंता कशाची?” बंधूंनो, कार्ड हे ओळख पटविण्याचे साधन आहे, हक्क यादीतील नावाने मिळतो. कार्ड असून नाव नसेल तर मत नाही. उलट नाव असून कार्ड हरवले असेल, तर आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, वाहन परवाना असा आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा दाखवून मत देता येते.

मंडळीच्या नामावलीत आपले नाव आहे, गावात घर आहे, शिधापत्रिका आहे, एवढ्यावरून मतदारयादीत नाव आहे असे समजू नये. ह्या सर्व निरनिराळ्या वह्या आहेत.

३. कोणता नमुना कशाकरिता?

नवीन नाव घालण्याकरिता नमुना ६ भरावा. पूर्वी वयाचा हिशेब केवळ १ जानेवारीस होत असे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणास आगाऊ अर्ज करता येतो.

नावातील चूक दुरुस्त करणे, पत्ता बदलणे किंवा हरवलेले कार्ड पुन्हा मिळविणे ह्यांकरिता नमुना ८ आहे. मृताचे नाव काढण्याकरिता किंवा एखाद्या नावास हरकत घेण्याकरिता नमुना ७ आहे.

येथे एक चूक वारंवार घडते. दारव्ह्याची मुलगी लग्न होऊन पुसदला जाते, आणि सासरची मंडळी तिच्याकरिता नवीन नमुना ६ भरतात. मग तिचे नाव दोन्हीकडे राहते. एका मनुष्याचे नाव दोन ठिकाणी किंवा एकाच यादीत दोनदा असणे कायद्यास मान्य नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जिचे नाव माहेरी नोंदलेले आहे तिने नमुना ८ भरून ते सासरी आणावे.

स्त्रियांच्या नावाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढेच लिहविले होते. आपल्या मंडळीतील प्रत्येक बहिणीने अर्जात आपले स्वतःचे नाव, जसे कागदपत्रांत आहे तसेच, लिहवावे.

अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यास लोक बी.एल.ओ. म्हणतात त्याच्याकडे, द्यावा. तो पुष्कळदा गावचा शिक्षक असतो किंवा अंगणवाडी सेविका असते. तहसील कार्यालयातही अर्ज घेतला जातो. १९५० ह्या दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करता येते. अर्ज नाकारला गेला तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, व त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. परंतु निवडणूक लागल्यावर, उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. मग कोणाच्याही शब्दाने नाव घालता येत नाही.

४. कामाकरिता बाहेर जाणाऱ्यांविषयी

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे हंगामात बाहेर जातात. कायदा स्पष्ट सांगतो की, थोड्या काळाकरिता बाहेर गेल्याने मनुष्य आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असे नाही. तसेच, गाव सोडले म्हणून नाव काढण्यापूर्वी त्या मनुष्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. पण कुलूप लावलेल्या घरी नोटीस आली, तर उत्तर कोण देणार? म्हणून बाहेर जाताना शेजाऱ्यास व उपदेशकास सांगून जावे, आणि नोटीस आल्यास कळविण्यास सांगावे. यादीची दुरुस्ती होताना प्रथम प्रारूप यादी प्रसिद्ध होते व हरकतींना मुदत मिळते. ती यादी पाहण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे.

५. आपला मतदारसंघ कोणता?

आपला जिल्हा एक असला तरी त्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत : वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद व उमरखेड. लोकसभेकरिता हे सात तीन ठिकाणी वाटले आहेत. राळेगाव, यवतमाळ, दिग्रस व पुसद हे यवतमाळ-वाशिम मतदारसंघात आहेत. वणी व आर्णी चंद्रपुरात, आणि उमरखेड हिंगोलीत. ह्यामुळे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वणी व आर्णीकडील लोकांचे मतदान १९ एप्रिलला झाले, आणि उरलेल्या जिल्ह्याचे २६ एप्रिलला. ज्याने यवतमाळच्या नातलगास तारीख विचारली व तीवर विसंबून राहिला, त्या वणीकराचे मत गेले. विधानसभेचे मतदान मात्र २० नोव्हेंबर २०२४ रोजी साऱ्या राज्यात एकाच दिवशी झाले. तारीख शेजारच्या तालुक्याची नव्हे, आपल्या मतदारसंघाची पाहावी.

राळेगाव व आर्णी ह्या विधानसभेच्या जागा अनुसूचित जमातींकरिता, व उमरखेडची अनुसूचित जातींकरिता राखीव आहे. काही जणांचा समज आहे की, राखीव जागी इतरांस मत नाही. हा समज खोटा आहे. राखीव असतो तो उमेदवार. मत सर्वांस असते. आजच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य अनुसूचित जातीच्या जागेवर उभा राहू शकत नाही. परंतु अनुसूचित जमातीच्या मनुष्यास धर्माची ही अट लागू नाही. मतदानाच्या हक्काशी मात्र ह्या कशाचाही संबंध नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तरी त्याकरिता वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे विभागली जाते. तेव्हा ज्याचे नाव त्या यादीत नाही, तो सरपंचाच्या निवडणुकीसही मुकतो.

६. मतदानाच्या खोलीत

खोलीत प्रथम नाव व ओळख तपासली जाते, मग सही किंवा अंगठा घेतात व डाव्या तर्जनीस शाई लावतात. त्यानंतर आडोशामागे यंत्रावर आपल्या पसंतीच्या चिन्हासमोरील बटण दाबावे. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीत शेजारच्या यंत्राच्या काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते; ती पाहून खात्री करावी. ती चिठ्ठी आपणास मिळत नाही, पेटीत पडते. कोणीच उमेदवार नको असेल तर ‘नोटा’चे बटण २०१३ पासून आहे.

आपल्या नावावर दुसऱ्यानेच मत देऊन टाकले असे आढळले, तर रडत परत येऊ नये. आपली ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागावी. तो आपला हक्क आहे. अंध किंवा अशक्त मनुष्यास अठरा वर्षांवरील एक सोबती आत नेता येतो. पण एका सोबत्यास त्या दिवशी एकाच मतदाराबरोबर जाता येते, आणि गुप्तता पाळण्याचे वचन द्यावे लागते. लोकसभा व विधानसभेकरिता ८५ वर्षांवरील वृद्धांस व ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्यांस, वेळेत अर्ज केल्यास, घरी बसून मत देण्याची सोय आहे. वेळ संपण्यापूर्वी जो रांगेत उभा राहिला त्यास मत देऊ दिलेच पाहिजे. मतदानाच्या दिवशी कारखाने, दुकाने व इतर आस्थापनांतील कामगारांस, रोजंदारीवरील असले तरी, पगारी सुटी देण्याचा कायदा आहे.

७. मत कोणाचे?

पैसा, दारू, साडी देऊन मत मागणारा गुन्हा करतो, आणि मताकरिता पैसा घेणाराही गुन्हाच करतो. पैसे घेतले म्हणून मत बांधले जात नाही, असा युक्तिवाद कोणी करील. तो ऐकून हात पुढे करू नये.

आता आम्ही आमच्या सहकाऱ्यांस व स्वतःसही एक कठीण गोष्ट सांगतो. “अमक्यास मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, मंडळीतून शिक्षा होईल,” असे मतदारास भासविणे हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरविले आहे. धर्माच्या नावाने मत मागणे हेही तसेच. मुंबईतील एका निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन मतांनी, असा निर्णय दिला की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचा आधार घेऊन मत मागणेही निषिद्ध आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेनुसार उपासनेच्या जागा प्रचाराकरिता वापरावयाच्या नाहीत. तेव्हा उपासनामंदिरात उमेदवारास भाषणास उभे करू नये, आणि उपदेशकाने प्रार्थनेतही चिन्ह सुचवू नये. गरीब बहीण आमच्या शब्दाला मान देते, म्हणूनच तिचे मत आम्ही आपल्या मुठीत घेता कामा नये. कोणास मत दिले हे सांगण्यास कोणीही कोणास भाग पाडू शकत नाही; पतीनेही नाही, पाटलानेही नाही, पाळकानेही नाही.

८. उपदेशकाने काय करावे?

मत कोणास द्यावे हे सांगणे त्याचे काम नाही; नाव आहे की नाही हे पाहण्यास साहाय्य करणे मात्र त्याचे काम आहे, आणि ते धर्म न पाहता सर्व शेजाऱ्यांकरिता करावे. वर्षातून एकदा बी.एल.ओ.कडून यादी पाहावी. अठरा वर्षांची झालेली मुले, नवीन सुना, बाहेरगावी गेलेली कुटुंबे व एकट्या विधवा ह्यांची टिपणे ठेवावी. ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा, वाचून दाखवावा, आणि पोच घेऊन त्याच्या हाती ठेवावी.

त्या विधवा बहिणीचा नमुना ६ आम्ही पुढल्याच महिन्यात भरून दिला. त्यानंतरच्या निवडणुकीत ती शाईचे बोट वर करून घरी आली. तिने मत कोणास दिले, हे आम्ही विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. कार्ड असूनही मत का जाऊ शकते?
२. लग्न होऊन आलेल्या सुनेने कोणता नमुना भरावा, व का?
३. तीन महिने बाहेर कामास गेलेल्याचा हक्क जातो काय?
४. आपले गाव कोणत्या विधानसभा व लोकसभा मतदारसंघात आहे?
५. उपदेशकाने निवडणुकीत काय करावे, आणि काय करू नये?
६. आपल्या घरातील प्रत्येकाचे नाव यादीत आहे, हे आपण स्वतः केव्हा पाहिले?