जलाशयातील इंजिनाची होडी : चालविण्यापूर्वी काय शिकावे?

उजनी जलाशयाच्या काठी राहणाऱ्यांना होडी ही बैलगाडीइतकीच नित्याची आहे. पलीकडची जमीन, बाजार, सोयरीक यांसाठी पाणी ओलांडावेच लागते. भिगवण परिसरात रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्यांना होडीतून फिरविण्याचा जोडधंदाही चालतो. फवारणीचे औषध घेताना आपण प्रमाण विचारतो. होडी घेताना मात्र इंजिन किती अश्वशक्तीचे, एवढेच विचारतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून बाहेर आला.

हौसेने होडी चालविणाऱ्यांसाठी अमेरिकेत स्वयंसेवी संघटना १९१४ पासून अभ्यासक्रम चालवीत आहेत. त्यात वेगापेक्षा भार, वारा आणि बचाव यांवर भर असतो. तोच भाग आपल्याही उपयोगाचा आहे.

भार किती घ्यावा?

तेथे २० फुटांपेक्षा लहान होडीसाठी सोपा हिशेब शिकवितात. लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करावा व त्यास १५ ने भागावे. १५ फूट लांब व ५ फूट रुंद होडीत चालकासह ५ माणसे बसतात. हा आकडा शांत हवेसाठी असून तो कमाल मर्यादा समजावा. येथे एक माणूस सुमारे ६८ किलोचा धरलेला आहे. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या तीन गोण्या चढविल्या की दोन माणसे कमी करावीत. मोटारसायकल तर वजनाने दोन माणसांना जवळजवळ भारी असते, शिवाय तिचा भार उंचावर राहतो. अशा होडीत माणसे उभी राहिली तर ती थोड्या लाटेनेही कलते. जड वस्तू तळाशी व मध्यभागी ठेवाव्यात.

वारा व लाटा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव उठतो. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबून येतो तितकी लाट मोठी होते. त्यामुळे अलीकडच्या काठाशी पाणी शांत दिसले तरी मध्यावर तसे असेलच असे नाही. ढग दाटल्यास निघू नये, खोळंबलेली माणसे कितीही घाई करोत. मध्येच वारा सुटल्यास वेग कमी करावा, सर्वांना खाली बसवावे व होडीचे पुढचे टोक लाटेकडे किंचित तिरपे धरावे. लाट आडवी बाजूवर घेऊ नये.

इंजिन

पेट्रोल काठावरच भरावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साठते व ठिणगीने पेट घेते. इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास व उरलेला राखीव ठेवावा. वल्ही सोबत असावीतच. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाने अंगाला अडकवावी. चालक पाण्यात पडला की दोरी निसटते, इंजिन थांबते व होडीचा पंखा त्याच्यावर फिरत येत नाही. नव्या इंजिनाला ही दोरी बहुधा असते, पण ती अडकवण्याचा कंटाळा केला जातो.

जीवरक्षक जाकीट

अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालांनुसार होडीच्या अपघातांत बुडणाऱ्यांपैकी दहात आठांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नसते. पट्टीचा पोहणाराही कपडे-चपलांसह थकतो. होडी उलटल्यावर जाकीट शोधून घालता येत नाही, म्हणून ते काठावरच घालून पट्टे आवळावेत. मुलांना त्यांच्या मापाचेच द्यावे. उलटलेली होडी तरंगत असेल तर तिला धरून राहावे. पाण्यात पडलेल्याकडे उडी न घेता दोर बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. जवळ पोहोचताच इंजिन न्यूट्रल करावे.

प्रशिक्षण व नोंदणी

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यांत्रिक होडीची तपासणी, नोंदणी व विमा, तसेच चालकाचे योग्यता प्रमाणपत्र यांची तरतूद आहे. पर्यटकांना बसविणाऱ्यांनी हे आधी पूर्ण करावे. केंद्र शासनाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात असून तेथे पॉवरबोट चालविणे व जीवरक्षण यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेतले जातात. तारखा, शुल्क व पोहण्याबाबतची अट आधी विचारून घ्यावी. एका गावातून दोघांनी तरी जावे, कारण बुडणारा चालकच असेल तर होडी वळविणारा दुसरा कोणी लागतो.